जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या कॅम्परमध्ये प्लगशिवाय तीन दिवस वीज: बॅटरी, सोलर, वायरिंग कसं करावं?

एमएच१५_भटके

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ चा टेम्पो ट्रॅव्हलर, आधीच्या मालकाने कॅम्पर करून घेतलेला. भंडारदरा, सापुतारा, हरिहरचा पायथा अशा ठिकाणी दोन-तीन दिवस कुठेही प्लग न लावता राहता यावं एवढीच अपेक्षा आहे. पावसाळ्यातसुद्धा.

आत्ता गाडीत हे आहे: मागच्या पलंगाखाली १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) पाणी घालायची ट्यूब्युलर बॅटरी, घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर, इंजिनच्या बॅटरीकडून मागे आलेली साधारण १० स्क्वेअर एमएमची एक लाल वायर, मध्ये एक रिले (इंजिन चालू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच). निगेटिव्ह सगळीकडे बॉडीलाच. फ्यूज एकच, रिलेजवळ, ३० अँपिअरचा काचेचा. अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) प्लेटवर १२ व्होल्ट, ७५ अँपिअर लिहिलं आहे.

लोड: ४५ लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, दोन पंखे, चार एलईडी, पाण्याचा पंप, एक लॅपटॉप, तीन मोबाइल, सकाळी पाच मिनिटं मिक्सर. स्वयंपाक गॅसवर.

अडचण अशी की पहाटे फ्रिज बंद पडतो आणि घाट चढून आलं की रिलेला हात लावता येत नाही. दुकानदार म्हणतो अजून एक १५० एएच बॅटरी आणि छतावर ५०० वॅट सोलर टाका. टाकू का?

---

अंबडचा_वायरमन

दुसरी बॅटरी नका टाकू, निदान आत्ता तरी. तुमचा फ्रिज बॅटरीमुळे नाही, वायरमुळे बंद पडत असण्याची शक्यता जास्त आहे.

हे तपासायला दहा मिनिटं लागतात. मल्टिमीटर फ्रिजच्या मागच्या टर्मिनलवर लावा आणि कॉम्प्रेसर चालू होतो त्या क्षणी व्होल्टेज बघा. त्याच वेळी बॅटरीच्या पोलवर किती आहे तेही बघा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायरिंगचा. हिशोब असा: कॉम्प्रेसर सुरू होताना आठ-दहा अँपिअर ओढतो. कॅम्परमध्ये लोक सर्रास घरातली दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढतात. पाच मीटर जाणं आणि पाच मीटर येणं धरलं तर दहा मीटरचा रोध ०.१२ ओहमच्या आसपास, म्हणजे १० अँपिअरला १.२ व्होल्ट वाटेतच गेले. त्यात तुमची येणारी वाट बॉडीतून. गंजलेल्या बोल्टखाली आणखी पाव-अर्धा व्होल्ट सहज जातो. पहाटे बॅटरी ११.८ वर असते, फ्रिजला मिळतात जेमतेम १०.३. या कॉम्प्रेसरचा कंट्रोलर साधारण १०.४ ला बंद होतो आणि ११.७ पर्यंत चढल्याशिवाय परत सुरू होत नाही. बॅटरीत जीव असूनही फ्रिज उपाशी.

उपाय: फ्रिजला स्वतंत्र ६ स्क्वेअर एमएम तांब्याची जोडी, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही थेट फ्यूज बॉक्स आणि बसबारपासून (वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी), १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. त्याच अंतराला तोटा ०.३ व्होल्टवर येतो.

आता लोड. एका दिवसाचा, वॅट-तासात, उन्हाळा धरून:

फ्रिज ४८० (चालताना ४५-५० वॅट, पण दिवसातला चाळीस-पंचेचाळीस टक्के वेळच चालतो, थंडीत हाच आकडा ३२० पर्यंत उतरतो)
१२ व्होल्टचे दोन पंखे, १५ वॅटचे, नऊ तास: २७०
दिवे ८०
पंप २०
लॅपटॉप १८०
मोबाइल ४५
मिक्सर, इन्व्हर्टरचा तोटा धरून: ५०

बेरीज ११२५. आणि यादीत कोणीच लिहीत नाही तो ग्राहक म्हणजे इन्व्हर्टर स्वतः. घरगुती इन्व्हर्टर रिकामा चालू ठेवला तरी १५ ते २५ वॅट खातो. १५ धरले तरी २४ तासांचे ३६०. म्हणजे तुमच्या फ्रिजच्या तीन चतुर्थांश वीज काहीही न चालवता गेली. म्हणून नियम एकच ठेवा: रोजचं सगळं थेट १२ व्होल्टवर, इन्व्हर्टर फक्त मिक्सरपुरता चालू, मग बंद. लॅपटॉपला १२ व्होल्टवरून चालणारा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर मिळतो. पंखे १२ व्होल्टचे बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचे, कमी वीज खाणारे) घ्या.

बॅटरी: १५० एएच ट्यूब्युलर म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ती निम्म्याखाली नेली की आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हातात ९००. तुमचा एक दिवससुद्धा भागत नाही. शिवाय वजन ५० किलोच्या वर. त्याऐवजी २०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट: २५६० वॅट-तास, पंच्याऐंशी टक्के वापरली तर २१७०. बाहेरून काहीही न येता जवळजवळ दोन दिवस. वजन २५ किलोच्या आत-बाहेर.

---

जुनंते_सोनं

लिथियमचं कौतुक खूप झालं. ट्यूब्युलर घरात दहा-दहा वर्षं चालते, कुठल्याही गावात मिळते, मेकॅनिकला कळते. तीच बाहेर पेटीत ठेवली तर काय बिघडलं?

---

अंबडचा_वायरमन

घरात चालते कारण घर हलत नाही आणि रोज वीज येऊन ती पूर्ण भरते. कॅम्परमध्ये ती अर्धवट भरलेलीच राहते आणि प्लेटांवर सल्फेट बसतं. सोलरवर शेवटचे वीस टक्के भरायला चार-पाच तास लागतात, तेवढ्यात ऊन उतरतं. तरी ठेवायचीच असेल तर चालेल, पण पलंगाखाली नाही. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीची वाट बघतो. माणसं त्याच्यावर झोपणार. बंद पेटी करा, पेटीच्या वरच्या अंगाला नळी लावून ती गाडीच्या बाहेर काढा, कारण हायड्रोजन वर जातो. गॅस सिलिंडरच्या कप्प्याला मात्र भोक तळाशी हवं, कारण एलपीजी खाली बसतो. दोन्ही एकाच कप्प्यात कधीच नकोत, आणि रिले किंवा स्विच सिलिंडरच्या कप्प्यात अजिबात नको.

---

स्पॅनर_आणि_चहा

वायरमनदादांच्या हिशोबात अल्टरनेटर राहिला. रिले तापतो त्याचं उत्तर तिथेच आहे.

रिकामी बॅटरी अल्टरनेटरला समोर दिसली की ती मिळेल तेवढा करंट ओढते. तुमची ट्यूब्युलर ४०-४५ अँपिअर ओढत असणार, रिले असतो ३० किंवा ४० चा, म्हणून तापतो. काचेचा ३० चा फ्यूज अजून उडाला नाही याचा अर्थ एक तर तो फ्यूज ३० चा नाही किंवा कोणीतरी त्याच्या बाजूने वायर दिली आहे. बघून घ्या.

याच जागी लिथियम लावली तर प्रकरण जास्त बिघडतं. तिचा अंतर्गत रोध इतका कमी की ती ७५ च्या ७५ ओढायला बघते. अल्टरनेटरवर छापलेला आकडा थंड असताना आणि पुरेशा फेऱ्यांवरचा. गरम झाला की पन्नास-पंचावन्नवर येतो, आणि आयडलला त्याहून खूप कमी. त्यातच आयडलला त्याचा पंखाही हळू फिरतो. मग डायोड जातात. आणखी एक: लिथियम भरली किंवा तापली आणि तिच्या आतल्या बीएमएसने (बॅटरीला जपणाऱ्या सर्किटने) एकदम तोडलं, तर भरधाव करंट देणाऱ्या अल्टरनेटरचा लोड एका क्षणात नाहीसा होतो, व्होल्टेजचा झटका बसतो आणि डायोडसकट गाडीची इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकते.

म्हणून रिले काढा, त्या जागी डीसी टू डीसी चार्जर लावा. तो ठरलेलाच करंट ओढतो, लिथियमला हवं ते व्होल्टेज देतो आणि इंजिन बंद झालं की थांबतो. जुन्या गाडीत त्याला इग्निशनची वायर जोडा, म्हणजे व्होल्टेजच्या अंदाजावर अवलंबून राहावं लागत नाही.

किती अँपिअरचा? ३० चा घेतला तर बाहेर १४.२ व्होल्टने ४२६ वॅट, तोटा धरून आत ३७-३८ अँपिअर ओढणार. आता इगतपुरीच्या पावसात रात्री गाडी चालली आहे असं धरा: हेडलाइट १०, वायपर ५, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर १०-१५. हे झाले ३० च्या आसपास. अधिक ३८. बेरीज ६८, आणि गरम अल्टरनेटर देतो ५५. राहिलेले इंजिनच्या बॅटरीतून जाणार आणि सकाळी स्टार्टर कुरकुर करणार. २० अँपिअरवर ठेवला तर आत २५ च ओढतो, एकूण ५५ मध्ये बसतं. ज्याचा करंट कमी-जास्त करता येतो असा ३० चा घ्या, दिवसा ३०, पावसाळी रात्री २०. नुसतं उभं राहून इंजिन चालू ठेवून चार्ज करायची सवय लावू नका. डिझेल जळतं, अल्टरनेटर भाजतो, बॅटरीत फारसं काही जात नाही.

केबल: इंजिनच्या बॅटरीपासून मागे सहा मीटर धरलं तर ४० अँपिअरला १० स्क्वेअर एमएममध्ये ०.८४ व्होल्ट जातात, १६ मध्ये ०.५२, २५ मध्ये ०.३४. १६ ला काम भागतं, पण लांबी मोजून बघा. आठ मीटर निघाली तर २५ घ्या. निगेटिव्हलाही तेवढीच केबल, बॉडी नाही. फ्यूज ५० अँपिअर, इंजिनच्या बॅटरीपासून वीतभर अंतरात. चार्जरच्या बाहेरच्या बाजूचा फ्यूज ४० चा, तो मागच्या बॅटरीजवळ. फ्यूज नेहमी जिथून करंट उसळू शकतो त्या टोकाला, आणि बॅटऱ्या दोन आहेत म्हणून टोकंही दोन. केबल सायलेन्सर आणि प्रोपेलर शाफ्टपासून लांब न्या, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, वर फ्लेक्झिबल पाइप, दर फुटाला क्लिप.

---

निफाडकर_सोलर

पॅनेलबद्दल मी लिहितो. दुकानदाराचा ५०० चा आकडा चुकीचा नाही, पण आधी छत मोजा. छतावरचा पंखा, कॅरिअर, शिडी सोडून सपाट जागा किती उरते ते बघा. २०० वॅटचं एक पॅनेल साधारण दीड मीटर बाय पाऊण मीटर, वजन १०-१२ किलो. दोन बसतील. चारशे पुरे.

नाशिक २० अंशांवर आहे, त्यामुळे छतावर सपाट पडलेलं पॅनेलही फारसं मागे पडत नाही. वाकवायची यंत्रणा करू नका, वाऱ्याला पकड मिळते आणि गाडीवर ती खुळखुळते. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला पाच तासांचं पूर्ण ऊन धरा. ४०० गुणिले ५ म्हणजे २०००, पण धूळ, तापमान, सपाट मांडणी आणि वायर मिळून तीस टक्के जातात, हाती १४००. तुमचे ११२५ निघून थोडं उरतं. जुलैत भंडारद्याला हाच हिशोब अडीच तासांच्या उन्हाचा केला तर ७००, आणि सलग ढग बसले की तीन-चारशेसुद्धा कठीण.

म्हणून पावसाळ्याचं गणित पॅनेल वाढवून सुटत नाही. चारशेचे आठशे वॅट केले तरी ढगात तीनशेचे सहाशे होतील, आणि छतावर जागा नाही. पावसाळ्यात तुमची वीज इंजिनातून येते. नाशिकहून घोटीमार्गे भंडारदरा ७० किलोमीटरच्या आसपास, दोन तास. २० अँपिअरवर तासाला २७० धरा. पोहोचेपर्यंत साडेपाचशे बॅटरीत. रोज तासाभराचा फेरफटका असेल तर तीन दिवस निवांत निघतात. स्पॅनरभाऊंचा चार्जर आधी घ्या, पॅनेल पुढच्या महिन्यात घेतलं तरी चालेल.

बसवताना:

पत्र्याला चिकटवायची लवचिक पॅनेल घेऊ नका. खाली हवा नाही, एप्रिलमध्ये सेल ७० अंशांच्या वर जातात, आणि अशी पॅनेल दोन-चार उन्हाळ्यांत फुगतात, तपकिरी पडतात. काचेचं पॅनेल घ्या आणि पत्र्यापासून चार-पाच सेंटिमीटर वर ठेवा. सेलचं तापमान २५ च्या वर दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के वीज खातं. ६५ ला पंधरा टक्के गेलेच.

छताला भोकं पाडण्याआधी कॅरिअर बघा. तो घट्ट असेल तर अॅल्युमिनियमचं चॅनेल आडवं टाकून त्यावरच पॅनेल बोल्ट करा, एकही भोक लागत नाही. भोक पाडावंच लागलं तर उघडा पत्रा प्राइमरने रंगवा, ब्यूटाइल टेप, बोल्ट, आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन नको, ऊन-पावसात कडा सोडतं आणि त्याच्यावर नंतर दुसरं काही चिकटत नाही.

जोडणी सिरीजमध्ये. अशा पॅनेलचं मोकळं (काही न जोडता मिळणारं) व्होल्टेज २४ च्या आसपास, दोनचे ४८. निफाडच्या पाच अंशांच्या पहाटे ५१ पर्यंत जाईल. एमपीपीटी (पॅनेलची वीज बॅटरीला हवी तशी करून देणारा सोलर चार्जर) १०० व्होल्ट ३० अँपिअरचा घ्या, ४०० वॅटला १४.२ व्होल्टवर २८ अँपिअर निघतात. पॅरलल केलं तर भर उन्हात पॅनेलचं चालू व्होल्टेज १७ वर घसरतं आणि एमपीपीटीला बॅटरीच्या वर जेवढा फरक लागतो तो काठावर येतो. मात्र एका पॅनेलवर कॅरिअरची सावली कायम पडणार असेल तर पॅरललच बरं. केबल ४ स्क्वेअर एमएमची सोलर केबल. एमसी-४ (सोलर केबल जोडायच्या) कनेक्टरच्या नर-मादी जोड्या एकाच कंपनीच्या ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बसल्यासारख्या दिसतात, पण संपर्क अर्धवट राहतो आणि तिथेच प्लास्टिक वितळतं.

एमपीपीटीला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना उलट.

जागेचा मुद्दा: त्र्यंबक रोडला किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला गाडी झाडाखाली लावाल तर पॅनेलचा उपयोग जवळपास शून्य. गाडीत गारवा हवा की वीज, हे रोज ठरवावं लागतं. द्राक्षांचे दिवस असले तर शेतरस्त्याची धूळही खूप बसते, आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

---

एमएच१५_भटके

खूप मदत झाली. फ्रिजजवळ मोजलं: बॅटरीला १२.३, फ्रिजला सुरू होताना ११.०. वायर काढून बघितली, दीडचीच आहे. रिलेच्या फ्यूजच्या बाजूने खरंच एक तार दिलेली निघाली, ती काढली.

आता प्रश्न: १) २०० एएच लिथियमला मुख्य फ्यूज कोणता आणि किती? २) इन्व्हर्टर तोच ठेवू का? ३) घरी सोसायटीत प्लगवर चार्ज करायचं असेल तर? ४) बॅटरी किती भरली ते कसं कळणार?

---

सर्किटताई

तुमचे चारही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत, पण मी दुसऱ्यापासून सुरुवात करते.

घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर काढाच. तो ट्यूब्युलरसाठी चार्ज करतो. त्याच्या काही टप्प्यांत व्होल्टेज लिथियमच्या मर्यादेच्या वर जातं आणि बीएमएस तोडत राहतं. मिक्सरसाठी १००० वॅटचा प्युअर साइन (घरच्या विजेसारखी लहर देणारा) इन्व्हर्टर पुरतो. ५०० वॅटचा मिक्सर सुरू होताना दुप्पट-तिप्पट ओढतो, म्हणून सर्ज रेटिंग १५००-२००० असलेला बघा. मॉडिफाइड साइन स्वस्त मिळतो, त्यावर मिक्सरची मोटर गुरगुरते आणि तापते.

१००० वॅटला बॅटरीकडून ९५ अँपिअर लागतात. केबल ३५ स्क्वेअर एमएम, लांबी एक मीटरच्या आत, फ्यूज १२५ चा. इन्व्हर्टर बॅटरीजवळ आणा. बॅटरी इन्व्हर्टरजवळ न्यायला जाऊन जाडी वाढवू नका. वेल्डिंगची केबल लवचिक असते, तार बारीक असते, चालते. पण तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल बाजारात भरपूर आहे. वजन करून बघा: ३५ स्क्वेअर एमएम तांब्याचं मीटरला आवरण सोडून ३१० ग्रॅमच्या आसपास भरतं. तीच केबल आवरणासकट दोनशेच्या आत भरली तर परत करा. थिंबल (केबलच्या टोकाला बसणारं धातूचं टोक) हातोडीने ठोकून बसवू नका. नाशिकच्या सातपूर-अंबडला इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्यांकडे हायड्रॉलिक क्रिम्पिंग असतं, केबल कापून घेऊन जा आणि टोकं दाबून आणा. वर हीट श्रिंक.

मुख्य फ्यूज. इथे आकड्याइतकाच प्रकार महत्त्वाचा. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर सोडते. साधा पट्टीचा फ्यूज वितळतो, पण आत विजेची ज्योत (आर्क) पेटत राहते आणि करंट थांबत नाही. क्लास-टी प्रकारचा फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंत तोडू शकतो, तो १५० चा लावा, बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलपासून वीतभर अंतरात. मिळाला नाही तर एचआरसी (मोठा शॉर्ट करंट तोडणारा) फ्यूज लावता येतो, पण त्याच्यावर डीसीचं व्होल्टेज छापलेलं असेल तरच. घरातला एसी एमसीबी डीसीला वापरायचा नाही: एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ज्योत विझते, डीसीत तो शून्य येतच नाही. फ्यूजनंतर २०० अँपिअरचा बॅटरी आयसोलेटर (बॅटरी तोडायचा मुख्य स्विच), पलंगाची गादी न उचलता हात पोहोचेल असा.

चार्जिंग. सोसायटीच्या १६ अँपिअरच्या प्लगवरून लिथियमचं प्रोफाइल असलेला २० अँपिअरचा चार्जर लावा, रिकामी बॅटरी दहा-अकरा तासांत भरते. गाडीत शिरताच दोन पोलचा १६ अँपिअर एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच). गाडीची चॅसिस प्लगच्या अर्थिंगला जोडलेली हवी. आणि गाडीतले सॉकेट एक तर इन्व्हर्टरवर किंवा बाहेरच्या विजेवर. मध्ये दोन पोलचा चेंजओव्हर स्विच. दोन्ही एका वेळी भिडले तर इन्व्हर्टर त्याच क्षणी जातो.

आता जे बहुतेक गाड्यांत राहून जातं ते. इन्व्हर्टर चालू असताना त्याचा न्यूट्रल कशालाच जोडलेला नसतो. मिक्सरची फेज त्याच्या धातूच्या भागाला चिकटली तरी आरसीसीबी पडत नाही, कारण करंटला परत यायला वाट नाही. म्हणून इन्व्हर्टरच्या बाजूचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधी चॅसिसला बांधावा लागतो, आणि बाहेरचा प्लग लावला की तो बंध सुटलाच पाहिजे. काही इन्व्हर्टरमध्ये हा रिले आतच असतो. काहींचं आउटपुट असं असतं की न्यूट्रल बांधला तर आतला ब्रिज जळतो. मॅन्युअलमध्ये परवानगी लिहिलेली असेल तरच बांधा, नसेल तर दुसरं मॉडेल घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडला म्हणून समाधान मानू नका. ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलवरच चालतं, अर्थिंग तुटलेलं असलं तरी पडतं.

चौथा प्रश्न. लिथियमचं व्होल्टेज चाळीस ते सत्तर टक्के भरलेलं असताना १३.१-१३.३ च्या आतच घुटमळतं, व्होल्टमीटर बघून काही कळत नाही. शंटवाला (आत-बाहेर जाणारा करंट मोजणाऱ्या पट्टीचा) बॅटरी मॉनिटर लावा. शंट बॅटरीच्या निगेटिव्ह पोलला, आणि पोलला दुसरी एकही वायर नको. चार्जर, एमपीपीटी, इन्व्हर्टर, चॅसिसचा बंध, सगळे निगेटिव्ह शंटच्या पलीकडच्या बसबारवर. एक जरी वायर अलीकडे राहिली तरी आकडा रोज थोडा-थोडा खोटा होत जातो. मागच्या बॅटरीचा निगेटिव्ह चॅसिसला एकाच ठिकाणी बांधा, रंग खरवडून, २५ स्क्वेअर एमएमने.

---

जुनंते_सोनं

ताई, न्यूट्रलचं हे माहीत नव्हतं. मान्य.

पण एक विचारतो, लिथियम नाशिकच्या उन्हात बंद गाडीत ठेवायची? मे महिन्यात गाडीत ५५ होतं.

---

सर्किटताई

प्रश्न अगदी योग्य आहे. थंडीची भीती आपल्याकडे नाही, शून्याखाली चार्ज करू नये एवढंच आणि तितकी थंडी गाडीच्या आत पडत नाही. उष्णतेची आहे. ४५ च्या वर बॅटरी कायम राहिली तर आयुष्य घटतं, आणि साधारण ५५-६० ला बीएमएस चार्जिंग थांबवतं. म्हणून ती जमिनीलगत, मागच्या चाकाच्या पुढच्या बाजूला, सायलेन्सरच्या वरच्या पत्र्यापासून लांब. खाली १२ मिलिमीटरचा प्लाय, बाजूने लोखंडी अँगलची चौकट जमिनीला बोल्ट केलेली, वर पट्टा. इन्व्हर्टर आणि एमपीपीटी त्याच कप्प्यात कोंबू नका, ते दोघे उष्णता सोडतात. प्लायच्या उभ्या फळीवर, वर-खाली दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून लावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवून आयसोलेटर बंद. पूर्ण भरून उन्हात ठेवणं तिला सगळ्यात जास्त बाधतं.

---

स्पॅनर_आणि_चहा

कामाचा क्रम कोणी लिहिला नाही. इंजिनच्या बॅटरीचा निगेटिव्ह सगळ्यात आधी काढायचा, पान्याला टेप गुंडाळायचा, हातातलं कडं-अंगठी काढून ठेवायची. मग जुना रिले, जुनी लाल वायर पूर्ण बाहेर. अर्धवट कापून आत सोडू नका, पुढचा माणूस ती जिवंत करतो. बारीक लोडच्या वायरी, फ्यूज बॉक्स, बसबार आधी. फ्रिज, पंखे, पंप एकेक करून तपासा. मग डीसी टू डीसी, मग एमपीपीटी, इन्व्हर्टर शेवटी. इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना आतले कपॅसिटर भरतात म्हणून मोठी ठिणगी पडते; ५० ओहम १० वॅटचा रेझिस्टर हाताने धरून दोन-तीन सेकंद मधे ठेवा, मग केबल बसवा. आयसोलेटर वापरायची सवय ठेवली तरी ही ठिणगी त्याच्या आत पडतच असते, म्हणून इन्व्हर्टर चालू असताना तो बंद-चालू करू नका.

कागदपत्रांचं: गाडीत बदल केला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंद लागते. आधीच्या मालकाने कॅम्परची नोंद आरसीवर करून घेतली आहे का ते बघा. नसेल तर पेठ रोडला आरटीओत आधी विचारा, मग पॅनेल लावा. इन्शुरन्सवाल्यालाही लेखी कळवा, विजेच्या आगीचा दावा याच मुद्द्यावर अडतो.

---

एमएच१५_भटके

शेवटचं. घरच्यांचा आग्रह आहे की इंडक्शन आणि छोटा एसी पण बसवू. बॅटरी ३०० एएच केली तर?

---

अंबडचा_वायरमन

इंडक्शन १५०० वॅटचा, अर्धा तास म्हणजे ७५० आणि तोटा धरून साडेआठशे. तुमच्या रोजच्या खर्चात पाऊण दिवसाची भर, वर २००० वॅटचा इन्व्हर्टर, १९० अँपिअर, ७० स्क्वेअर एमएमची केबल, २५० चा फ्यूज. गॅस आहे ना, त्यावर करा. पावसात गॅस पेटवताना खिडकी फटभर उघडी ठेवायची एवढं लक्षात ठेवा.

पाऊण टनाचा एसी थर्मोस्टॅट धरून रात्रभरात चार युनिटच्या आसपास खातो, म्हणजे ४००० वॅट-तास. ३०० एएचमध्ये वापरता येतात ३२६०. एक रात्रही निघत नाही, आणि ते परत भरायला चारशे वॅटच्या पॅनेलला तीन दिवस कडक ऊन लागेल, तेही फ्रिज बंद ठेवून. आपल्याकडे एप्रिलमध्येही रात्री तापमान उतरतं. छताच्या पत्र्याला आतून २५ मिलिमीटर इन्सुलेशन आणि झडपेत बाहेर हवा फेकणारा १२ व्होल्टचा पंखा लावला तर तीस वॅटमध्ये झोप लागते.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पान्याने परत आवळा. तांबं दबतं, थिंबल सैल होतात. एम-८ च्या बोल्टला बॅटरीवर जो टॉर्क लिहिला असेल तेवढाच, जास्त नाही. लिथियमचे पोल नरम असतात आणि आटा गेला की बॅटरी गेली. आवळून झालं की मिक्सर चालू करा आणि प्रत्येक जोडाजवळ हाताचा मागचा भाग न्या. जो गरम लागेल तो सोडून, घासून, परत बसवा.